खेळण्यातील सैनिक : अप्रसिद्ध निर्मात्यांची निश्चिती

धातू, लगदा, प्लॅस्टिक किंवा माती यांपासून घडविलेल्या सैनिकांच्या लहान आकृत्या. मुलांची खेळणी म्हणून निर्माण झालेल्या या आकृत्यांना विसाव्या शतकात संग्राह्य वस्तूंचे स्थान प्राप्त झाले आणि त्या कोणी, कोठे व केव्हा घडविल्या, हे ठरविण्याची एक स्वतंत्र अभ्यासपद्धती त्याबरोबरच आकारास आली. लंडनची ब्रिटन्स, ड्रेझ्डेनची हायडे, पॅरिसची मिन्यो अशा मोजक्या संस्थांची नावे सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या समकालीन असलेल्या अनेक लहान कारखान्यांची व घरगुती ओतारींची नावे आकृतींवर कधी उमटलीच नाहीत. त्यांची निर्मिती आज निनावी तरी राहिली आहे किंवा मोठ्या संस्थांच्या नावावर जमा झाली आहे. निर्मातानिश्चितीचे प्रयोजन केवळ बाजारभाव ठरविण्यापुरते नाही. खेळण्यांच्या उद्योगाचा इतिहास लिहिताना कोणत्या गावात कोणते कसब होते, ते कोणाकडून कोणाकडे गेले आणि कोणत्या कामगारांनी ते केले, हे ठरविण्यासाठी अनेकदा या आकृत्यांखेरीज दुसरे साधन उरलेले नसते [⟶ खेळणी].

‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ येथे प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. मूळ नमुना घडविणारा शिल्पी, साचा कोरणारा कारागीर, धातू ओतणारा ओतारी, रंग देणारा रंगारी आणि माल बाजारात आणणारा व्यापारी या पाच भिन्न व्यक्ती असू शकतात. आकृतीवर नाव असलेच, तर ते बहुधा यांपैकी एकाचेच असते. उरलेल्या चौघांचा माग इतर पुराव्यांवरून घ्यावा लागतो. नाव सापडले म्हणजे निर्माता सापडला, असे समजल्यामुळे या क्षेत्रात अनेक चुका रूढ झाल्या आहेत.

प्रकार व निर्मितिकेंद्रे : निश्चितीची पहिली पायरी म्हणजे ओतकामाचा प्रकार ओळखणे होय, कारण प्रत्येक प्रकाराचा काळ व प्रदेश स्थूलमानाने ठरलेला आहे. सर्वांत जुनी संघटित निर्मिती सपाट आकृत्यांची होय. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर आकृतीच्या दोन बाजू उलट्या कोरून त्यांमधील पोकळीत कथील व शिसे यांचा वितळलेला मिश्रधातू ओतला जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान गोट्फ्रीट हिल्पर्ट (१७३२–१८०१) या मूळच्या कोबुर्कच्या कथिलकामगाराने या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच शहरात एर्न्स्ट हाइन्रिखझेन (१८०६–८८) याने १८३९ मध्ये कारखाना काढला. त्याच्या आकृतींची सु. ३० मिमी. ही उंची पुढे ‘न्यूरेंबर्ग प्रमाण’ म्हणून ओळखली जाऊ लागली. शेजारच्या फ्यूर्टमध्ये आल्गायर घराण्याने हाच व्यवसाय केला.

भरीव आकृत्या सर्व बाजूंनी गोलाईदार असत. फ्रान्समधील ल्यूकॉत व मिन्यो आणि जर्मनीतील गेओर्ख हायडे यांची कामे या प्रकारात मोडतात. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन (धाकटा) याने लंडनमध्ये पोकळ ओतकामाच्या आकृत्या बाजारात आणल्या. साच्यात ओतलेला शिसे व अँटिमनी यांचा मिश्रधातू साच्याच्या भिंतींलगत थिजताच आतला द्रव धातू ओतून काढला जाई. त्यामुळे धातूची बचत होऊन आकृती हलकी व स्वस्त झाली आणि जर्मन आयात मालाशी स्पर्धा करू शकली. ब्रिटन्सची सु. ५४ मिमी. ही उंची पुढे सर्वत्र प्रमाण ठरली. १९६६ मध्ये या संस्थेने पोकळ शिशाच्या आकृतींचे उत्पादन थांबविले.

जर्मनीतच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्यापासून, आत तारेचा सांगाडा घालून आकृत्या करण्याची पद्धत प्रचारात आली. हाउसर संस्थेच्या ‘एलास्टोलीन’ आणि ब्रांडेनबुर्ख येथील ‘लिनेओल’ या तिच्या दोन प्रमुख मुद्रा होत. फ्रान्समध्ये किरालू या संस्थेने ॲल्युमिनियमचा वापर केला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचा प्रसार झाला. या क्रमामुळे एखादी आकृती हातात घेताच वजन, आवाज व स्पर्श यांवरून तिचा संभाव्य काळ व प्रदेश बराच मर्यादित करता येतो.

निनावीपणाची कारणे : लहान निर्मात्यांची नावे लुप्त होण्यास अनेक कारणे झाली. पहिले कारण व्यापारी स्वरूपाचे होते. घाऊक व्यापारी व मोठी दुकाने मूळ कारखान्याचे नाव ग्राहकास कळू देण्यास उत्सुक नसत. दुसरे कारण चौर्याचे होते. दुसऱ्याच्या आकृतीवरून साचा काढणारा ओतारी साहजिकच आपले नाव लपवी. तिसरे कारण असे, की नाव अनेकदा फक्त पेटीवर असे आणि मुलाच्या हाती पडल्यावर पेटी प्रथम नाहीशी होई. चौथे कारण युद्ध होय. फेब्रुवारी १९४५ मधील ड्रेझ्डेनवरील बाँबहल्ल्यात हायडेचा कारखाना नष्ट झाला.

यांखेरीज घरगुती ओतकामाचा विचार करावा लागतो. लाइपसिक येथील श्नायडर बंधू हे स्वतः तयार आकृती न विकता मुख्यतः तिचे साचे विकत. गिऱ्हाइकाने घरीच शिसे वितळवून सैनिक ओतावेत, अशी त्यामागची कल्पना होती. अशा अर्धउठावाच्या आकृत्या मोठ्या संख्येने शिल्लक आहेत. त्यांच्या साच्याचा कर्ता सांगता येतो. परंतु प्रत्यक्ष ओतणारा हा एखाद्या घरातील बाप किंवा मुलगा असल्याने त्याचे नाव मिळण्याचा संभव नसतो. अशा आकृतीस कारखान्याची निर्मिती मानणे ही नवशिक्या संग्राहकांची नेहमीची चूक होय.

मुद्रा व अक्षरे : बैठकीच्या वर, कडेला किंवा खालच्या बाजूस आढळणारी अक्षरे हा सर्वांत प्रत्यक्ष आणि म्हणूनच सर्वांत फसवा पुरावा आहे. सपाट आकृतींच्या बैठकीवर आद्याक्षरे कोरण्याची प्रथा हिल्पर्टच्या काळापासून दिसते. पण ती आद्याक्षरे कोरणाऱ्याची आहेत की कारखानदाराची, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. नुसती ‘सी. ए.’ ही अक्षरे घेतली, तर ती न्यूरेंबर्गच्या क्रिस्टोफ आमोनलाही लागू पडतात आणि फ्यूर्टच्या कोनराड आल्गायरलाही. अशा वेळी कोरण्याची धाटणी, बैठकीची जाडी व गणवेशाचा काळ यांचा आधार घेतल्यावाचून निर्णय करता येत नाही.

काही अक्षरे निर्मात्याची नसतातच. जर्मन आकृतींवर व पेट्यांवर आढळणारी ‘डी. आर. जी. एम.’ ही अक्षरे १८९१ पासून नोंदल्या जाऊ लागलेल्या उपयुक्त रचनांच्या संरक्षणाची निदर्शक आहेत. फ्रेंच मालावरील ‘देपोझे’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘नोंदणीकृत’ एवढाच आहे. जर्मन ‘गेस. गेश.’ हेही ‘कायद्याने संरक्षित’ या शब्दप्रयोगाचे संक्षिप्त रूप आहे. या तिन्ही खुणांना कारखान्यांची नावे समजून अस्तित्वातच नसलेले निर्माते कल्पिले गेल्याची उदाहरणे आहेत. देशनामाची स्थितीही अशीच आहे. इंग्लंडमधील १८८७ चा व्यापारचिन्ह-कायदा व अमेरिकेतील १८९० चा जकात-कायदा यांमुळे परदेशी मालावर उत्पत्तिस्थान घालण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे ‘जर्मनी’ असे इंग्रजीत लिहिलेली आकृती निर्यातीसाठी केलेली असून ती बहुधा या कायद्यांनंतरची असावी, एवढेच अनुमान निघते. त्याच कारखान्याने देशांतर्गत विक्रीसाठी केलेली आकृती कोरी असू शकते.

बैठकीवरील तारखेचा अर्थही जपून लावावा लागतो. इंग्लंडमधील १८१४ च्या शिल्पविषयक कायद्यानुसार संरक्षण मिळण्यासाठी कृतीवर मालकाचे नाव व तारीख असणे आवश्यक होते. आपल्या आकृतींची नक्कल होऊ लागल्यावर ब्रिटन्सने याच कायद्याचा आश्रय घेतला. ‘ब्रिटन विरुद्ध हँक्स ब्रदर्स’ या १९०२ मधील खटल्यात खेळण्यातील धातूचा सैनिक हा कायद्याच्या दृष्टीने ‘शिल्प’ ठरतो, असा निर्णय झाला. ब्रिटन्सच्या आकृतींखाली प्रथम कागदी चिठ्ठ्या चिकटविल्या जात. नंतर नाव व तारीख साच्यातच कोरली जाऊ लागली. ही तारीख ती रचना प्रथम प्रसिद्ध झाल्याची आहे, ती विशिष्ट आकृती ओतल्याची नव्हे. एकच साचा अनेक वर्षे वापरला जाई. त्यामुळे १९०१ ही तारीख असलेली आकृती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ओतलेली असू शकते. १९११ च्या नव्या कायद्याने ही अट नाहीशी केली.

या निर्णयाचा परिणाम अप्रसिद्ध निर्मात्यांवर दोन प्रकारे झाला. काहींनी स्वतंत्र नमुने करून त्यांवर आपले नाव घालण्यास सुरुवात केली. ‘जोहिलको’ या मुद्रेने प्रसिद्ध असलेली जॉन हिल अँड कंपनी आणि ‘रेका’ ही मुद्रा वापरणारा सी. डब्ल्यू. बेकर यांच्या नामांकित आकृत्या उपलब्ध आहेत. इतरांनी मात्र उसन्या नमुन्यातच डोके, हात किंवा शस्त्र बदलून वेगळेपणा दाखविला व बैठक कोरीच ठेवली. या दुसऱ्या गटातील आकृतींचे निर्माते ठरविणे आज सर्वांत अवघड जाते.

साचा व ओतकाम : मुद्रा नसली, तरी साचा स्वतःची खूण ठेवतो. बैठकीचा आकार (लंबगोल, चौकोनी किंवा कापलेल्या कोपऱ्यांचा), तिच्या खालच्या बाजूचा खोलगटपणा, साच्याच्या दोन भागांची सांधरेषा शरीरावरून कोठून जाते, धातू ओतण्याच्या वाटेचा तोडलेला अवशेष कोठे आहे आणि पोकळ आकृतीत धातू बाहेर काढण्याचे छिद्र कोठे व केवढे आहे, या गोष्टी प्रत्येक कारखान्यात सवयीने ठरून गेलेल्या असत. घोडेस्वार घोड्यावर कसा बसविला आहे, हात स्वतंत्र ओतून खांद्याच्या खुंटीत अडकविला आहे की धडाबरोबरच ओतला आहे, हेही पाहावे लागते. ज्ञात निर्मात्याच्या मुद्रांकित आकृतीशी अशी अनेक लक्षणे एकाच वेळी जुळली, तरच कोरी आकृती त्याची मानता येते. एखादे लक्षण जुळणे पुरेसे नसते.

नकलेची ओळखही याच मार्गाने होते. तयार आकृतीवरून नवा साचा काढल्यास धातू थिजताना होणाऱ्या संकोचामुळे नवी आकृती मूळापेक्षा किंचित लहान होते. पट्टे, गुंड्या व चेहरा यांचे बारकावेही बोथट होतात. मूळ आकृतीवर रंगाचा जाड थर असल्यास तोही नव्या साच्यात उतरतो. सूक्ष्ममापकाने घेतलेली मापे येथे निर्णायक ठरतात. मात्र नक्कल म्हणजे अलीकडची बनावट असे नेहमीच समजू नये. मूळ आकृतीच्याच काळात एखाद्या लहान कारखान्याने ती केलेली असू शकते आणि तशी असल्यास तिला स्वतंत्र ऐतिहासिक महत्त्व असते.

शैली : शिल्पी ओळखण्यासाठी चेहऱ्याची ठेवण, शरीराचे प्रमाण, चालीची ढब व वस्त्रांच्या घड्या यांचा अभ्यास केला जातो. शैलीवरून शिल्पी ओळखता येतो, कारखाना नव्हे. अमेरिकेतील ‘बार्कले’ ही न्यू जर्सी राज्यातील संस्था स्वस्त दुकानांतून विकल्या जाणाऱ्या शिशाच्या सैनिकांसाठी प्रसिद्ध होती. तिच्यासाठी काम करणाऱ्या फ्रँक क्रुप या शिल्प्याने पुढे ‘ऑल-न्यू’ नावाची स्वतंत्र संस्था काढली. साहजिकच या दोन्ही संस्थांच्या आकृतींत कौटुंबिक साम्य दिसते. केवळ शैली पाहणारा अभ्यासक ऑल-न्यूची आकृती बार्कलेच्या खात्यात टाकण्याचा संभव असतो. शिल्पी कोण हे ओळखण्यात त्याची चूक नसते. कारखाना ठरविण्यात असते.

रंग व पेटी : रंगकाम हा दुय्यम पण उपयुक्त पुरावा आहे. न्यूरेंबर्ग–फ्यूर्ट भागात रंगकाम मोठ्या प्रमाणावर घरोघरी दिले जाई आणि त्यात स्त्रिया व मुले यांचा भरणा असे. इंग्लंडमध्येही रंगकाम प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होते. डोळ्यांचे ठिपके, मिशांची रेघ, गालांवरील गुलाबी छटा, बैठकीचा हिरवा रंग या गोष्टींत कारखान्याचा शिरस्ता दिसतो. या रंगारी स्त्रियांची नावे सहसा नोंदलेली आढळत नाहीत. त्यांच्या हातांतील फरक मात्र आकृतींवर शिल्लक आहेत. पुन्हा रंगविलेल्या आकृतीत हा पुरावा नष्ट होतो. जुना रंग उडालेला असला, तरी तो तसाच राखावा, असा आग्रह जाणकार धरतात, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

पेटीवरील मजकूर कालनिश्चितीस विशेष साहाय्यक ठरतो. या बाबतीत मुंबई इलाख्याच्या सैन्याशी संबंधित असलेले एक उदाहरण उद्‌बोधक आहे. ब्रिटन्सचा ६६ क्रमांकाचा संच मुळात ‘फर्स्ट बाँबे लान्सर्स’ या भारतीय घोडदळाचा होता. १९०३ मधील लष्करी पुनर्रचनेत या पलटणीस ३१ वा क्रमांक मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर ती ३२ व्या लान्सर्समध्ये मिळवून ‘थर्टीन्थ ड्यूक ऑफ कनॉट्स ओन लान्सर्स’ ही पलटण बनविण्यात आली. या संचाच्या उत्तरकालीन पेट्यांवर हेच नाव आढळते. अर्थात असे नाव असलेली पेटी या एकत्रीकरणापूर्वीची असू शकत नाही. हाच न्याय अप्रसिद्ध निर्मात्यांच्या पेट्यांनाही लावता येतो. पलटणीचे नाव, राजाचे आद्याक्षर, मुकुटाचा आकार, छपाईची पद्धत व दुकानाचा पत्ता यांवरून काळाची एक सीमा निश्चित होते. तथापि पेटी व आकृत्या मुळात एकत्र होत्या की नंतर विक्रीसाठी एकत्र केल्या, याची खातरजमा प्रथम करावी लागते. बांधणीच्या दोऱ्यांची भोके व तळाच्या पुठ्ठ्यावर उमटलेले बैठकींचे ठसे त्यासाठी तपासले जातात.

साच्यांचे स्थलांतर : कारखाना बुडाला तरी साचे सहसा मोडले जात नसत, ते विकले जात. ल्यूकॉतच्या आकृतींवर मधमाशी व ‘एल. सी.’ ही खूण आढळते. पुढे हा व्यवसाय मिन्योकडे गेला व जुन्या साच्यांतून नव्या आकृत्या निघत राहिल्या. रेकाचे काही साचे क्रेसेंट या इंग्लिश संस्थेने घेतले. किरालूच्या ॲल्युमिनियम आकृतींवर आधारित माल इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातील वेंडॅल या संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर काढला. प्लॅस्टिकच्या काळात हीच प्रक्रिया अधिक व्यापक झाली. १९६० नंतरच्या दशकात हाँगकाँगमध्ये युरोपीय व अमेरिकन नमुन्यांवरून परवान्याने तसेच परवान्यावाचूनही मोठ्या प्रमाणावर आकृत्या निघाल्या आणि त्यांपैकी अनेकींवर देशनामाखेरीज काहीच नव्हते. यावरून एकाच नमुन्याच्या दोन आकृतींचे दोन भिन्न निर्माते असू शकतात, हे स्पष्ट होते. अशा वेळी धातूचा पोत, रंगाचा प्रकार आणि साच्याची झीज यांच्या साहाय्याने आधीची व नंतरची आकृती वेगळी करावी लागते. जुन्या अक्षरांच्या जागी साच्यात बुजवलेला उंचसखल भाग राहिला असेल, तर तो मालकी बदलल्याचा चांगला पुरावा समजला जातो.

हायडेचे उदाहरण : मोठ्या नावाखाली लहान नावे कशी गाडली जातात, याचे हायडे हे ठळक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत या संस्थेने विविध आकारांच्या भरीव आकृत्या निर्माण केल्या. छावणी, कूच, शिकार, स्वयंपाक करणारे सैनिक अशी दृश्ये असलेल्या तिच्या पेट्या जगभर जात. तिच्या आकृतींवर सामान्यतः नाव नसे. कारखाना नष्ट झाल्यावर ‘भरीव, जर्मन व कोरी आकृती म्हणजे हायडे’ असे समीकरण लिलावगृहांत व संग्राहकांत रूढ झाले. वस्तुतः योहान हाफ्नर, गेओर्ख श्पेंकूख यांसारखे भरीव आकृत्या करणारे इतर जर्मन निर्मातेही होते. डोके वेगळे ओतून खुंटीने धडात बसविण्याची पद्धत हायडेची खास खूण म्हणून सांगितली जाते. परंतु ती इतर जर्मन कारखान्यांतही प्रचलित होती. शिल्लक राहिलेली सूचिपत्रे, मूळ बांधणीच्या पेट्या आणि घोड्यांच्या नमुन्यांची तुलना यांच्या आधारे अभ्यासकांनी या समीकरणाची फेरतपासणी केली. निश्चित पुरावा नसलेल्या आकृतींना ‘हायडे’ न म्हणता ‘हायडे धर्तीची’ असे म्हणण्याचा संकेत त्यामुळे योग्य ठरतो. इंग्लंडमध्ये कोरी पोकळ आकृती ब्रिटन्सच्या नावावर घालण्याची प्रवृत्तीही याच स्वरूपाची आहे.

अभ्यासाचा इतिहास व साधने : या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम जर्मनीत झाला. न्यूरेंबर्गचे इतिहासकार टेओडोर हांपे यांचा कथिली सैनिकावरील ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘क्लिओ’ ही जर्मन संग्राहकांची संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये ‘ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी’ अस्तित्वात आली. जॉन गॅरट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशात जगभरातील निर्मात्यांची नावे अकारविल्हे एकत्र आणली. नॉर्मन जॉप्लिन यांच्या पोकळ आकृतींवरील १९९३ च्या बृहद्ग्रंथाने ब्रिटन्सखेरीजच्या इंग्लिश निर्मात्यांकडे लक्ष वेधले. जर्मनीतील कुल्मबाख येथील प्लासेनबुर्ख किल्ल्यात कथिली आकृतींचे मोठे संग्रहालय आहे.

लेखी साधनांत व्यापारी सूचिपत्रे, नगरांच्या व्यवसायसूची, पेटंटे व नोंदणीकृत रचनांची दप्तरे महत्त्वाची आहेत. इंग्लिश आकृतीवर किंवा पेटीवर नोंदणी-क्रमांक असल्यास लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील दप्तरांवरून नोंदणी करणाऱ्याचे नाव शोधता येते. १८८४ पासून हे क्रमांक सलग असल्याने नोंदणीचा काळही कळतो. तरीही नोंदणी करणारा हा आयात करणारा व्यापारी असू शकतो, हे लक्षात ठेवावे लागते.

अलीकडच्या काळात शास्त्रीय उपकरणांची जोड मिळाली आहे. क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीने आकृतीला इजा न करता मिश्रधातूतील शिसे, कथील व अँटिमनी यांचे प्रमाण मोजता येते. मात्र रंगातील शिशामुळे मापनात गोंधळ होऊ नये म्हणून उघड्या धातूची जागा निवडावी लागते. जंबुपार किरणांखाली नव्या व जुन्या रंगांतील फरक पुष्कळदा दिसतो. परंतु जुने ओतारी मोडीत निघालेला धातू सर्रास वापरीत. त्यामुळे धातूच्या घटकांवरून एकट्या कारखान्याचे नाव निश्चित होत नाही. संशय दूर करणे किंवा वाढविणे एवढेच ते करू शकतात.

काळ हा या पुराव्याचा मोठा शत्रू आहे. ओक लाकडाची कपाटे व हलक्या प्रतीचा पुठ्ठा यांतून निघणाऱ्या सेंद्रिय अम्लांच्या वाफांमुळे शिशावर पांढरी भुकटी धरते व आकृती आतून खंगत जाते. प्रथम झिजतात ती बैठकीवरील बारीक अक्षरे. लगद्याच्या आकृतींत आतील तार गंजून फुगते व बाहेरचा थर तडकतो. म्हणून आकृती हाती येताच तिची मापे, वजन, सर्व बाजूंची छायाचित्रे व ती कोणाकडून, कोणत्या गावातून आली याची नोंद करणे आवश्यक मानले जाते. उगमाची साधी नोंदही पुढे निर्णायक ठरू शकते. एकाच कुटुंबाने बालपणापासून जपलेला संच निरनिराळ्या ठिकाणांहून जमविलेल्या शंभर सुट्या आकृतींपेक्षा अधिक माहिती देतो.

महाराष्ट्रातील मातीचे सैनिक : ज्या परंपरेत मुद्रेचा प्रश्नच उद्भवत नाही, तिचे उदाहरण म्हणून महाराष्ट्रातील दिवाळीच्या किल्ल्यांवर मांडल्या जाणाऱ्या मातीच्या आकृतींचा निर्देश करता येईल. मावळे, पहारेकरी, तोफा व सिंहासनावरील शिवछत्रपती अशा या आकृत्या कुंभार व मूर्तिकार हाताने किंवा साच्यात दाबून घडवितात आणि त्या दिवाळीपूर्वी बाजारात येतात. दिवाळी सरल्यावर किल्ला मोडला जातो. ठिसूळ आकृतींपैकी थोड्याच पुढील वर्षापर्यंत टिकतात. त्या संग्रहासाठी नव्हे, तर खेळासाठी व उत्सवासाठी केलेल्या असल्याने त्यांवर नाव घालण्याचे कारण नसते. अशा आकृतींचा निर्माता वस्तूवरून नव्हे, तर बाजारपेठ व कारागीर कुटुंबे यांच्याकडे विचारपूस करूनच कळू शकतो आणि ती विचारपूस कारागीर काम करीत असतानाच करावी लागते. युरोपातील लहान ओतारींच्या बाबतीत ही संधी बहुतांशी निघून गेलेली आहे. मातीच्या आकृतींच्या जोडीला प्लॅस्टर व प्लॅस्टिक यांच्या आकृत्याही बाजारात आल्या असल्याने येथेही अशा नोंदी करण्याची निकड आहे.

निश्चितीच्या श्रेणी : वरील विवेचनावरून निर्मातानिश्चिती ही होय किंवा नाही अशा स्वरूपाची नसून तिच्या श्रेणी असतात, हे दिसून येईल. मुद्रा, ओतकाम व लेखी पुरावा परस्परांशी जुळल्यास ‘निश्चित’. ओतकाम व शैली मुद्रांकित नमुन्याशी जुळल्यास, पण लेखी पुरावा नसल्यास ‘संभाव्य’. केवळ सर्वसाधारण साम्य असल्यास ‘धर्तीची’. आणि काहीच न जुळल्यास ‘अज्ञात’ अशी वर्गवारी करणे श्रेयस्कर होय. बाजाराच्या दृष्टीने ‘अज्ञात’ हा शब्द गैरसोयीचा असतो, कारण नावामुळे किंमत वाढते. परंतु अज्ञात म्हणून प्रामाणिकपणे नोंदलेली आकृती पुढील संशोधनास खुली राहते. चुकीचे नाव दिलेली आकृती मात्र त्या नावाच्या इतर आकृतींची ओळखही दूषित करते. एका चुकीच्या निश्चितीच्या आधारे दुसरी, दुसरीच्या आधारे तिसरी, अशी साखळी तयार झाली, म्हणजे ती तोडण्यासाठी मूळ आकृतीपर्यंत मागे जावे लागते. अप्रसिद्ध निर्मात्यांच्या शोधात नव्या नावांची भर पडणे जितके महत्त्वाचे, तितकेच चुकीने दिलेली नावे मागे घेतली जाणेही महत्त्वाचे आहे.